स्ट्रॉबेरीतील क जीवनसत्त्व

ताज्या स्ट्रॉबेरीच्या १०० ग्रॅम गरात साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, म्हणजेच अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असते. संत्र्यापेक्षा किंचित जास्तच. माणसात ते तयार करणाऱ्या शेवटच्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक निकामी आहे, म्हणून आपल्याला ते खाऊनच मिळवावे लागते. वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमध्ये हिवाळ्यात येणारी फळे मुख्यतः महाबळेश्वर-पाचगणीची असतात, काही डांग जिल्ह्यातल्या सापुताऱ्याकडची. त्यांत किती क जीवनसत्त्व उरले आहे हे बऱ्याच अंशी फळ केव्हा खुडले यावर ठरते.

निर्मितीची मुख्य वाट सर्व वनस्पतींत सारखीच आहे आणि ती १९९८ मध्ये मांडली गेली. ग्लुकोजपासून मॅनोज, त्यापासून एल-गॅलॅक्टोज, मग एल-गॅलॅक्टोनोलॅक्टोन आणि अखेर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. शेवटची पायरी तंतुकणिकेच्या (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलावर होते. स्ट्रॉबेरीत याखेरीज एक आडवाटही आहे, आणि खरी गंमत तिच्यातच आहे. फळ पिकताना पेशीभित्तिकेतले पेक्टिन, म्हणजे पेशींना घट्ट धरणारा पदार्थ, तुटते, फळ मऊ पडते आणि गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल सुटे होते. गॅलॅक्ट्युरोनेट रिडक्टेज हे विकर त्याचे रूपांतर पुढे क जीवनसत्त्वाकडे नेते. याचे जनुक स्ट्रॉबेरीतूनच वेगळे करून २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात घातल्यावर तिथले क जीवनसत्त्व दोन ते तीन पटींनी वाढले. फळ लाल होत जाते तसे हे जनुक जास्त सक्रिय होते. लांबच्या बाजारासाठी खांद्याला पांढरट असतानाच खुडलेले फळ पेटीत लाल होते खरे, पण रोपावर पिकलेल्या फळाची बरोबरी करत नाही. स्ट्रॉबेरी आंबा-केळ्यासारखी आढीत पिकत नाही. रंगावरून फसू नये.

नियंत्रणाची मुख्य किल्ली मुख्य वाटेतल्या जीडीपी-एल-गॅलॅक्टोज फॉस्फोरिलेज या विकराकडे आहे. त्याच्या आरएनएवर, म्हणजे विकर बनवण्याच्या सूचनेच्या प्रतीवर, सुरुवातीलाच एक छोटा वाचनखंड (स्वतंत्रपणे वाचला जाणारा तुकडा) असतो. पेशीत अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल भरपूर झाले की ती सूचना वाचून प्रथिन बांधणारा रायबोसोम तिथेच अडतो आणि विकर कमी बनते. साठा घटला की वाट मोकळी होते. लेट्यूसमध्ये हा खंड जनुक-संपादनाने बिघडवल्यावर क जीवनसत्त्व सुमारे १५० टक्क्यांनी वाढल्याचे २०१८ मध्ये दिसले. उजेडाचाही हात आहे: पानांच्या दाट सावलीतली फळे उन्हातल्यांपेक्षा क जीवनसत्त्वात सहसा कमी भरतात. शिवाय वापरून ऑक्सिडीकरण झालेले आम्ल पेशीतल्याच ग्लुटाथायोन या रेणूच्या मदतीने पुन्हा मूळ रूपात आणले जाते.

हे चक्र मोडते ते फळ दबल्यावर किंवा चिरल्यावर. पेशी फुटताच तांबेयुक्त अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून आम्लाचे डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल करते. इथवर ते परत फिरवता येते. ते पुढे डायकीटोग्युलॉनिक आम्लात गेले की संपलेच. म्हणून फळे देठासकट धुवावीत, देठ नंतर काढावा, आणि फळे चिरून पाण्यात ठेवू नयेत. साठवण ० अंश सेल्सिअसजवळ, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या पातेल्यात गर घोटणे सर्वात वाईट, कारण तांबे ऑक्सिडीकरणाला वेग देते. श्रीखंडात घालायची असेल तर चक्का व साखर आधी घोटून घ्यावी आणि फोडी वाढण्याच्या वेळी मिसळाव्यात. चक्क्याचा आंबटपणा या जीवनसत्त्वाला मानवतो.

मापनात स्ट्रॉबेरी एक खास अडचण करते. नेहमीच्या पद्धतीत १० ग्रॅम गर ३ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात वाटून १०० मिलिलिटर करतात, गाळतात आणि निळ्या डायक्लोरोफिनॉल-इंडोफिनॉल रंगाने अनुमापन करतात, म्हणजे रंग थेंबाथेंबाने घालून किती लागला ते मोजतात. अंतिम बिंदूची खूण म्हणजे १५ सेकंद टिकणारी गुलाबी छटा. पण फळातल्या अँथोसायनिन या लाल रंगद्रव्यामुळे द्रावण आधीच गुलाबी! तिथे पिष्ट (स्टार्च) टाकून आयोडीन वापरणे बरे, निळा-काळा रंग लालसर द्रावणातही कळतो. ०.००५ मोलर आयोडीनचा १ मिलिलिटर म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम आम्ल, म्हणून १० ग्रॅम चांगल्या गराला सुमारे ७ मिलिलिटर लागायला हवेत. या दोन्ही पद्धती डीहायड्रो रूप मोजत नाहीत. ते शरीरात उपयोगी पडत असूनही आकड्यात येत नाही, त्यामुळे शिळ्या फळाचा आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो.