समीकरण आणि असमानता: खर्चाच्या हिशेबातली नेहमीची गल्लत

समीकरण सगळ्यांना येतं. दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं, त्यामुळे ते इथे उगाळत नाही. चिन्हंही अवघड नाहीत. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं, < आणि > ही थॉमस हॅरियटच्या १६३१ च्या पुस्तकात आली. घोळ होतो तो उत्तर वाचताना, आणि चांगली शिकलेली माणसंही तो करतात याचं वाईट वाटतं.

सांगलीतल्या एखाद्या सोसायटीचं संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. वर्गणीचे ५,००० रुपये जमलेत. हॉल आणि तिळगूळ मिळून १,८०० ठरलेले. एक वाण ४८ रुपयांना. वाणं किती घ्यायची? बहुतेक जण मांडतात: १८०० + ४८क्ष = ५०००. उत्तर येतं ६६.६७. लगेच शाळेतली सवय जागी होते, अर्ध्याच्या वर आहे म्हणून ६७! आणि दुकानात १६ रुपये कमी पडतात.

मुळात पूर्ण संख्येत या समीकरणाला उत्तरच नाही. पाच हजार तंतोतंत संपवा असं कुणी सांगितलं होतं? त्यावर जाऊ नका, एवढीच अट होती. म्हणून इथे समीकरण नाही, असमानता मांडायची: १८०० + ४८क्ष ≤ ५०००, म्हणजे खर्च पाच हजार किंवा त्याहून कमी. मग ६६ चालतं, ६० चालतं, ४० सुद्धा चालतं. ६६ घेतली तर खर्च ४,९६८ आणि ३२ रुपये शिल्लक. उत्तर ६६.९९ आलं असतं तरी खालीच उतरायचं.

आता त्याच बायकांना सज्जनगड आणि कासच्या सहलीसाठी २०,००० साठवायचेत. ३,००० आहेत, दरमहा ८०० जमतात. ३००० + ८००क्ष ≥ २००००, म्हणजे क्ष ≥ २१.२५. सवयीने २१ म्हणाल तर जमतील १९,८००. इथे वर चढायचं, २२ महिने. खर्चाची मर्यादा असेल तर खाली, साठवणीचं लक्ष्य असेल तर वर. दशांशानंतरचा आकडा अर्ध्याहून मोठा की लहान, हे बघायचंच नाही. बजेटच्या गणितात तो नियम शिकवूच नये, या मतावर मी ठाम आहे.

असमानतेत ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, ≥ चं ≤ होतं, हा समीकरणापेक्षा दुसरा फरक. ५००० − ४८क्ष ≥ १८०० असं मांडून पुढे चिन्ह उलटायला विसरलं, तर "निदान ६७ वाणं घ्या" असं भलतंच उत्तर निघतं. मी क्ष नेहमी धन बाजूला नेते, म्हणजे ती वेळच येत नाही.

दोन वस्तू असल्या की आलेख काढावा. कंदी पेढे ५०० रुपये किलो, भडंग २०० रुपये किलो आणि हातात २,००० धरा: ५००क्ष + २००य ≤ २०००. समीकरणाची रेषा चार किलो पेढे आणि दहा किलो भडंग हे बिंदू जोडते. मुलं त्या रेषेवरचेच बिंदू लिहून थांबतात. दोन किलो पेढे आणि चार किलो भडंग रेषेवर नाही, तरी १,८०० रुपयांत बसतं. कोणती बाजू घ्यायची हे कळत नसेल तर (०, ०) घालून बघा. काहीच न घेता खर्च शून्य, शून्य दोन हजारांत बसतो, म्हणून तीच बाजू रंगवायची, आणि वजन ऋण नसतं म्हणून फक्त दोन अक्षांमधला त्रिकोण, कडांसकट.