दर 5 सेंटीमीटरला एक टाका

"मांडीचं मांस काढून हातात भरलं हो त्यांच्या." परवा एका ओळखीच्या घरी हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून लिहायचं डोक्यात होतं. घरातल्या काकांना कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला सार्कोमा झाला होता. सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींमध्ये होणारा कॅन्सर. गाठीबरोबर बोटं मिटवणारे स्नायूही काढावे लागले आणि त्या जागी मांडीतला एक स्नायू बसवला. घरच्यांना वाटत होतं, रस्त्यातल्या खड्ड्यात मुरूम टाकतात तसं हे भरण आहे, हात ओबडधोबड दिसू नये एवढ्यासाठी.

तसं नाही. तो स्नायू तिथे काम करायला नेलेला असतो.

भरणासाठीही स्नायू वापरतात, हे खरं. आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर इतका, की छातीचा मोठा स्नायू वरच्या कातडीसकट उचलून, गळपट्टीच्या हाडावरून मानेच्या कातडीखालून सरकवत जबड्यापर्यंत नेण्याची शस्त्रक्रिया भारतात वर्षानुवर्षं होते आहे. स्टीफन अरियन यांनी ती 1979 मध्ये मांडली. त्यात स्नायूची मूळची रक्तवाहिनी तोडत नाहीत, देठासारखी तशीच ठेवतात. तो स्नायू तोंडातली पोकळी झाकतो, जखम भरून आणतो, पण त्याने आकुंचन पावावं अशी कुणाची अपेक्षा नसते. हातातल्या स्नायूकडून मात्र नेमकी तीच अपेक्षा असते.

यासाठी बहुतेक वेळा निवडतात तो ग्रॅसिलिस. मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत गेलेला, पट्ट्यासारखा लांब, बारीक स्नायू. मांड्या जवळ आणायचं त्याचं काम शेजारचे दणकट स्नायू करतात, त्यामुळे तो गेला तरी माणूस पूर्वीसारखा चालतो. त्याला मुख्य रक्तपुरवठा एकाच ठिकाणाहून होतो आणि तिथेच त्याचा चेतातंतूही शिरतो. एक धमनी, तिच्या सोबतच्या शिरा आणि एक चेतातंतू एवढं कापलं की अख्खा स्नायू सुटा होतो. मग घड्याळ सुरू होतं, कारण रक्ताविना स्नायू फार काळ तग धरत नाही. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या धमनीचं तोंड हातातल्या धमनीच्या तोंडाला सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने शिवायचं. ती जुळली आणि रक्त थोपवून धरणारा चिमटा सोडला की फिकट पडलेला स्नायू डोळ्यांदेखत लालसर होतो.

पण मला या शस्त्रक्रियेत सगळ्यात आवडते ती गोष्ट रक्ताची नाही, ताणाची आहे.

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बघा. फक्त टोकं गुंतलेली असतील तर पकड लागत नाही. पार मुळापर्यंत घुसलेली असतील तर पुढे सरकायला जागा नाही. मधोमध कुठेतरी पकडही चांगली आणि सरकायला वावही. स्नायूच्या आत नेमकं हेच असतं. मायोसिनचे जाड धागे आणि ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांत शिरून आकुंचन घडतं. अशा एका घराला सार्कोमियर म्हणतात, लांबी जेमतेम दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश. 1966 मध्ये गॉर्डन, हक्सले आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या स्नायूचा एकेक तंतू ताणून मोजून दाखवलं, की लांबी बदलली की जोर बदलतो, आणि एका ठरावीक टप्प्यातच तो सर्वाधिक असतो. त्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना आलेख घसरत जातो.

आता शल्यविशारदाची अडचण बघा. दोन्ही टोकं कापली की स्नायू रबरासारखा आखडतो. हातात घेतल्यावर तो मुळात किती ताणलेला होता हे डोळ्यांनी कळत नाही. ढिला शिवला तर बोटं अर्धीच मिटणार, फार ओढून शिवला तर ती उघडणारच नाहीत. टोरोंटोचे राल्फ मँकटेलो यांनी रुळवलेली युक्ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. स्नायू अजून मांडीतच असताना पाय अशा स्थितीत ठेवायचा की तो पूर्ण ताणला जाईल. मग त्याच्या अंगावर दर 5 सेंटीमीटरला खुणेचा एक टाका घालायचा. स्नायू सुटा केला की हे टाके जवळ जवळ येतात. हातात बसवताना मनगट आणि बोटं पूर्ण सरळ करायची आणि टाक्यांमधलं अंतर पुन्हा 5 सेंटीमीटर होईपर्यंत स्नायू ओढायचा. तिथे त्याची दोरी, म्हणजे स्नायूच्या टोकाचा कंडरा, बोटांच्या दोऱ्यांमध्ये वेणीसारखी विणून शिवायची. कोट्यवधी सार्कोमियरची लांबी एका मोजपट्टीने परत मिळते!

उरला चेतातंतू. जोडलेल्या टोकातून नवे तंतू रोज साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणून जोड स्नायूच्या शक्य तितक्या जवळ घेतात. जोडतात तोही पूर्वी बोटं मिटवणाऱ्या स्नायूंना हुकूम नेणारा तंतू. त्यामुळे मेंदूला नवीन काही शिकावं लागत नाही. मूठ मिटायचा विचार करायचा, हुकूम जुन्याच वाटेने येतो, पाळणारा तेवढा मांडीतून आलेला असतो.

"नवा हात मिळाला" छापाच्या बातम्या मात्र जपून वाचाव्यात. एकच स्नायू असल्याने चारही बोटं एकदम मिटतात, वेगवेगळी नाही. पेला धरता येतो, पिशवी उचलता येते, पेटी वाजवता येईलच असं नाही. बोटं उघडणारे स्नायू शाबूत हवेत, सांधे आखडलेले नकोत.

आणखी एक. काकांची गाठ आधी काही महिने तेल लावून चोळली गेली होती, कारण "गाठीला चाकू लागला की ती पसरते" असं कुणीतरी सांगितलं होतं. चोळून सार्कोमा जिरत नाही, तेवढे महिने तो वाढतो, आणि जितका वाढतो तितके जास्त स्नायू त्याच्याबरोबर काढावे लागतात. न दुखणारी पण वाढत जाणारी गाठ आधी तज्ज्ञाला दाखवा. तुकडा तपासायला कुठून घ्यायचा हेही पुढच्या शस्त्रक्रियेचा विचार करूनच ठरवतात, म्हणून तो वाटेल त्याच्याकडून काढून घेऊ नका.

काकांच्या शस्त्रक्रियेला आता साडेतीन महिने झाले आहेत. बोटं अजून मिटत नाहीत. पण गेल्या आठवड्यात त्यांनी "मूठ, मूठ" म्हणत डोळे घट्ट मिटले, तेव्हा फिजिओथेरपिस्टबाईंनी माझा हात धरून त्यांच्या कोपराखाली ठेवला. कातडीखाली काहीतरी हललं, पापणी फडफडावी इतकंच.