पक्षी-नोंद समिती

पक्षी-नोंद समिती : एखाद्या प्रदेशात दिसलेल्या, ऐकू आलेल्या किंवा मृतावस्थेत सापडलेल्या पक्ष्यांच्या नोंदी पुराव्यानिशी तपासून त्या त्या प्रदेशाच्या पक्षिसूचीत घ्याव्यात की नाही, हे ठरवणारा जाणकार पक्षिनिरीक्षकांचा गट. सदस्य बहुधा बिनमानधन काम करतात आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचा पोटापाण्याचा व्यवसाय पक्षिशास्त्राशी संबंधित नसतो. नेहमीच्या पक्ष्यांच्या नोंदी समितीपुढे येत नाहीत. प्रदेशात पूर्वी कधी न आढळलेली किंवा फार क्वचित येणारी जात, भलत्या ऋतूत दिसलेला स्थलांतरित पक्षी आणि नेहमीच्या क्षेत्राबाहेर झालेली वीण एवढ्यांपुरतेच तिचे काम असते. काही देशांत राष्ट्रीय समितीच्या खाली जिल्हा पातळीवरचे नोंदपाल आणि त्यांची छोटी मंडळे असतात.

अशा समित्यांचा उगम केव्हा मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक तो एकोणिसाव्या शतकातील संग्राहक-संपादकांपर्यंत मागे नेतात. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७२ च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. भारतभरातील अधिकारी त्याच्याकडे पक्ष्यांची जतन केलेली कातडी आणि टिपणे पाठवीत व तो त्यांची छाननी करून ती छापत असे. ब्रिटनमध्ये १९०७ साली निघालेल्या ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ या मासिकाचा संस्थापक हॅरी विदरबी हाही दुर्मीळ नोंदी पारखूनच स्वीकारी. त्या काळी कसोटी सोपी होती. पक्षी मारून हाती आला, तर नोंद पक्की. नुसता दिसला, तर शंकास्पद. दुर्बिणी सुधारल्या, ओळखीची पुस्तके हाती आली आणि पक्षी न मारता ओळखणे शक्य झाले, तसा केवळ पाहिलेल्या नोंदींचा ओघ वाढला व त्यांची पारख एकट्या संपादकाच्या आवाक्याबाहेर गेली. या पार्श्वभूमीवर १९५९ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स रेअरिटीज कमिटी’ स्थापन झाली. संपादकाची छाननी हे एका व्यक्तीचे मत असते. समितीत अनेकांनी स्वतंत्रपणे मत द्यायचे आणि निर्णयाची नोंद ठेवायची असते. हा फरक मूलभूत आहे. त्यामुळे ह्यूम व विदरबी यांना पूर्वसूरी मानून समितीचा उगम विसाव्या शतकाच्या मध्यात धरणे अधिक सयुक्तिक ठरते. अमेरिकेत ‘कॅलिफोर्निया बर्ड रेकॉर्ड्‌स कमिटी’ १९७० मध्ये सुरू झाली. त्यानंतर तेथील बहुतेक राज्यांनी आपापल्या समित्या नेमल्या.

हाती आलेला नमुना हाच निर्विवाद पुरावा, ही जुनी धारणा दोन प्रकरणांनी मोडीत काढली. पहिले इंग्लंडमधील हेस्टिंग्ज प्रकरण. १८९२ ते १९३० या काळात ससेक्स आणि केंट परगण्यांत, हेस्टिंग्ज गावाच्या आसपास, अतिशय दुर्मीळ पक्ष्यांचे नमुने मोठ्या संख्येने सापडल्याचे सांगितले गेले. त्यांतील बरेचसे सेंट लिओनर्ड्‌स-ऑन-सी येथील मृत पक्ष्यांत पेंढा भरणारा कारागीर जॉर्ज ब्रिस्टो याच्या हातून गेले होते. परदेशातून बोटीने बर्फात आणलेले पक्षी स्थानिक म्हणून खपवले गेले असावेत, असा संशय होता. कुजबुज विदरबीच्या हयातीतच सुरू झाली. पण उघड मांडणी व्हायला ऑगस्ट १९६२ उजाडले. पक्षिशास्त्रज्ञ मॅक्स निकल्सन आणि जेम्स फर्ग्युसन-लीझ यांनी ‘ब्रिटिश बर्ड्‌स’मध्ये सर्व नोंदींची चिकित्सा केली, तर संख्याशास्त्रज्ञ जॉन नेल्डर याने आकड्यांच्या अंगाने ते प्रकरण तपासले. त्याची पद्धत आजही पाहण्यासारखी आहे. एकेक नमुना खरा की खोटा हे ठरवण्याच्या फंदात तो पडला नाही. हेस्टिंग्जच्या नोंदींची तुलना त्याने लगतच्या भागातील त्याच काळातल्या आणि त्याच भागातील नंतरच्या काळातल्या नोंदींशी केली. दुर्बिणीवाले निरीक्षक वाढूनही नंतरच्या काळात अतिदुर्मीळ पक्ष्यांचे ते प्रमाण पुन्हा दिसले नाही. केवळ योगायोगाने ते जुळून येणे जवळजवळ अशक्य होते. परिणामी २९ जाती व उपजाती ब्रिटिश सूचीतून वगळल्या गेल्या. त्यांपैकी बहुतेक पुढे नव्या, स्वच्छ नोंदींच्या आधारे परत आल्या. म्हणजे ते पक्षी ब्रिटनमध्ये येऊ शकत होते; प्रश्न त्या विशिष्ट नमुन्यांच्या विश्वासार्हतेचा होता. सगळ्याच नोंदी बनावट नव्हत्या, असे मत काहींनी मांडले आहे आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. तरीही खरे-खोटे वेगळे करता येत नसेल तेथे पूर्ण संच बाजूला ठेवण्याचा निर्णय पद्धती म्हणून योग्यच म्हणावा लागेल.

दुसरे प्रकरण महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. रानपिंगळा या घुबडाचे वर्णन ह्यूमने १८७३ मध्ये केले. ब्रिटिश सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने खानदेशात त्याचे काही नमुने १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात गोळा केले. त्यानंतरची एकच नोंद होती : कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागन याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याचे सांगितलेला नमुना. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता; संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. डेव्हिडसनच्या कातडी तयार करण्याच्या लकबीच्या खुणा त्यावर शिल्लक होत्या. या खोट्या नोंदीची किंमत पक्ष्याला मोजावी लागली. तिच्या भरवशावर शोधकांनी चुकीच्या जागी शोध घेतला आणि जात नामशेष झाली असावी, असा समज पसरला. मांडवीची नोंद बाजूला ठेवून जुन्या अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. एक चिठ्ठी खोटी निघाली तर संवर्धनाचे काम किती वर्षे मागे पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतीय पक्षिशास्त्रात नाही.

कार्यपद्धती : निरीक्षक तारीख, वेळ, जागा, अंतर, प्रकाश, वापरलेली दुर्बीण, पक्ष्याची वागणूक आणि पिसांचे वर्णन लिहून पाठवतो. छायाचित्र किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण असल्यास ते जोडतो. हे टिपण सर्व सदस्यांकडे फिरते. प्रत्येक जण इतरांची मते न पाहता आपला कौल देतो. ब्रिटिश समितीत मत देणारे दहा सदस्य असतात. नोंद मान्य व्हायला सर्वांचे एकमत लागावे की एखादे विरोधी मत चालावे, हे समितीगणिक बदलते. मतभेद राहिल्यास टिपण दुसऱ्या फेरीत चर्चेसह पुन्हा फिरवले जाते. ब्रिटनच्या सूचीत नव्याने येणारी जात असेल, तर अंतिम निर्णय ‘ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्‌स युनियन’ या १८५८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची समिती करते.

तपासणीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : पक्षी कोणता आणि तो तिथे आला कसा. पहिल्या प्रश्नात सर्वांत घोळ पर्णवटवट्ये, तुतवार, कुरव आणि शिकारी पक्षी यांच्याबाबत होतो. पर्णवटवट्यांच्या काही जाती रंगावरून जवळजवळ वेगळ्या काढताच येत नाहीत. तेथे ध्वनिमुद्रणावरून काढलेला हाकेचा आलेख निर्णायक ठरतो. पंखांच्या टोकाकडील प्राथमिक पिसांची तुलनात्मक लांबी, पिसे गळण्याचा टप्पा आणि वयानुसार बदलणारा पिसारा यांकडे अनुभवी सदस्य आधी पाहतात, कारण पिवळी भुवई किंवा पांढरा कमरपट्टा ही ठळक खूण नवख्यालाही दिसते आणि तीच बहुधा फसवते. छायाचित्र आले म्हणजे वाद संपला, असे होत नाही. तिरप्या उन्हात करडा रंग तपकिरी दिसतो आणि एका क्षणाच्या चौकटीत चोचीची लांबी किंवा पंखांची ठेवण भलतीच भासू शकते. म्हणून छायाचित्रासोबत लेखी टिपणही मागितले जाते. पडलेल्या पिसातून किंवा विष्ठेतून डीएनए तपासण्याचा मार्ग अलीकडे काही अवघड नोंदींत वापरला गेला आहे.

दुसरा प्रश्न उगमाचा. पाळलेला पक्षी पिंजऱ्यातून सुटू शकतो, दमलेला पक्षी जहाजावर बसून समुद्र ओलांडू शकतो. ब्रिटिश सूचीत यासाठी अक्षरांनी दर्शवलेले वर्ग आहेत. नैसर्गिक अवस्थेत १९५० नंतर किमान एकदा आढळलेल्या जाती पहिल्या वर्गात, केवळ १८०० ते १९४९ या काळात आढळलेल्या दुसऱ्यात आणि माणसाने आणलेल्या पण आता स्वबळावर टिकून असलेल्या तिसऱ्यात येतात. चौथा वर्ग उगमाविषयी शंका असलेल्या जातींचा, तर पाचवा सुटलेल्या पाळीव पक्ष्यांचा. बदके आणि हंस यांच्या नोंदी चौथ्या वर्गात अडकण्याचे प्रमाण जास्त आहे, कारण ते हौसेने पाळले जातात.

नोंद अमान्य होणे म्हणजे निरीक्षक खोटे बोलला, असा अर्थ काढू नये. समिती पुराव्यावर निर्णय देते, व्यक्तीवर नाही. अनुभवी लोकांच्या नोंदीही ‘पुरावा अपुरा’ या शेऱ्याने परत जातात. निर्णय कायमचेही नसतात. १९९८ मध्ये नॉर्थम्बरलंडमधील ड्रुरिज बे येथे दिसलेली बारीक चोचीची कोरल ब्रिटनची पहिली नोंद म्हणून स्वीकारली गेली होती. पुढे फेरविचारात ओळख पुरेशी निःसंशय नसल्याचे ठरून ती मागे घेतली गेली. असा फेरविचार शक्य होतो तो मूळ टिपणे जपून ठेवल्यामुळे. कॅलिफोर्नियाच्या समितीने आपले दप्तर एका प्राणिशास्त्रीय संग्रहालयात अभ्यासकांसाठी ठेवले आहे आणि तिचे निर्णय ‘वेस्टर्न बर्ड्‌स’ या नियतकालिकात प्रसिद्ध होतात. ज्या समित्या मान्यतेइतक्याच अमान्यतेच्या नोंदी जपतात, त्यांचेच काम पुढच्या पिढीला उपयोगी पडते.

भारतात ही छाननी दीर्घकाळ नियतकालिकांच्या संपादकांनी केली. मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे नियतकालिक १८८६ पासून निघते, जफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास सुरू केलेल्या ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ने हौशी निरीक्षकांना टिपणे छापण्याची जागा दिली. देशातील दुर्मीळ पक्ष्यांच्या विखुरलेल्या नोंदींची पद्धतशीर पुनर्तपासणी ‘इंडियन बर्ड्‌स’ या नियतकालिकाने हाती घेतली आणि २०१६ मध्ये त्यात देशाची चिकित्सक सूची प्रसिद्ध झाली. तीत १,२६३ जाती होत्या.

‘ई-बर्ड’ या २००२ मध्ये सुरू झालेल्या संगणकीय व्यवस्थेने तपासणीचे स्वरूप बदलले. प्रत्येक भागासाठी, महिन्यानुसार, कोणती जात किती संख्येने अपेक्षित आहे याची चाळणी स्थानिक स्वयंसेवक तयार करतात. चाळणीबाहेरची नोंद आपोआप बाजूला पडते आणि परीक्षक निरीक्षकाकडे तपशील किंवा छायाचित्र मागतो. समितीच्या तुलनेत हे काम जलद होते, पण बहुधा एकाच परीक्षकाच्या निर्णयावर चालते. म्हणून देशाच्या किंवा राज्याच्या पहिल्या नोंदीसाठी सविस्तर टिपण प्रसिद्ध करण्याची अपेक्षा कायम आहे. या साठ्याची व्याप्ती मात्र मोठी आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’च्या २०२३ च्या अहवालात ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचे मूल्यमापन झाले. शिकार किंवा त्रास होण्याचा धोका असलेल्या जातींचे नेमके ठिकाण ही व्यवस्था झाकून ठेवते.

तपासावयाच्या जातींची यादी वेळोवेळी बदलते. आपल्याकडे पाणवठ्यावर सर्रास दिसणारा छोटा बगळा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटनमध्ये दुर्मीळ पाहुणा होता. १९९६ मध्ये डॉर्सेटमधील ब्राउनसी बेटावर त्याची वीण झाली. आता तो तिथे नेहमीचा पक्षी आहे आणि त्याच्या नोंदीला राष्ट्रीय समितीची मान्यता लागत नाही.