कॅप्सूल कॅमेऱ्याने आतड्याचे त्रिमितीय चित्रण : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

तोंडावाटे घातलेली एंडोस्कोपीची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत पोहोचते, तर कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून नळी घालून केलेल्या तपासणीत) मोठे आतडे आणि फार तर लहान आतड्याचे शेवटचे टोक दिसते. मधले काही मीटर लांबीचे आतडे या दोन्ही तपासण्यांच्या आवाक्याबाहेर राहते. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत असेल, शौचावाटे रक्त जात असेल आणि दोन्ही तपासण्यांत काहीच सापडले नसेल, तर पोटविकारतज्ज्ञ कॅप्सूल तपासणी, म्हणजे कॅमेरा बसवलेली कॅप्सूल गिळून केलेली तपासणी, सुचवतात. क्रोन्स रोगाचा (आतड्याला दीर्घकाळ सूज व व्रण आणणाऱ्या आजाराचा) संशय असल्यासही ती उपयोगी पडते.

इस्रायली अभियंते गॅव्रिएल इदान यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या कॅप्सूलला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. प्रचलित कॅप्सूल सुमारे २६ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात कॅमेरा, दिवे, बॅटरी व चित्रे बाहेर पाठवणारा प्रक्षेपक बसवलेले असतात. सेकंदाला दोनच चित्रे धरली तरी आठ तासांत ५७,६०० चित्रे कमरेच्या पट्ट्यातील रेकॉर्डरवर जमा होतात.

ही चित्रे मुळात सपाट असतात. एखादा भाग खरोखर फुगीर आहे, की ती आतड्याची साधी घडी आहे, हे अशा चित्रावरून ठरवणे अनुभवी डॉक्टरांनाही कधी कधी अवघड जाते, आणि त्रिमितीय चित्रणाची मदत नेमकी इथे होते. त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत कॅमेरा एकच असतो. कॅप्सूलच्या दिव्याजवळचा पृष्ठभाग उजळ व दूरचा अंधुक दिसतो, या फरकावरून संगणक उंचसखलपणा काढतो. मात्र आतड्याचे अस्तर ओले असल्याने त्यावर प्रकाश चमकतो आणि संगणकाला तिथे नसलेला उंचवटा भासू शकतो. त्याउलट पित्त किंवा रक्ताचा गडद डाग खळग्यासारखा दिसू शकतो. शिवाय या पद्धतीने आकाराचा अंदाज येतो, पण खरे माप मिळत नाही. दुसऱ्या पद्धतीत आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे थोड्या अंतरावर दोन कॅमेरे असतात आणि ते अंतर ठाऊक असल्यामुळे गाठीची उंची-रुंदी मोजण्याला आधार मिळतो.

म्हणूनच त्रिमितीय चित्र ही मूळ चित्राला दिलेली जोड आहे, असे आम्ही मानतो. सपाट चित्रात संशयास्पद जागा आढळली आणि आपल्या डॉक्टरांना गरज वाटली, तरच ते तयार करून घ्यावे. सर्वच रुग्णांना त्याचा उपयोग होतो, असे आम्ही सांगणार नाही. कॅप्सूलने तपासणीसाठी आतड्याच्या अस्तराचा तुकडाही काढता येत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स रोग यांचे व्रण दिसायला इतके सारखे असू शकतात की, चित्र कितीही स्पष्ट असले तरी निदानासाठी बहुधा तुकड्याची तपासणी करावी लागते.

तपासणीपूर्वी काही दिवस लोहाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, कारण त्यांमुळे आतड्यातील मळ काळा होऊन दृश्य झाकले जाते. मात्र कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच थांबवावे. आदल्या दिवशी पाणी, शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा असे पातळ पदार्थच घ्यावेत. कोकम सरबतासारखी लाल पेये टाळावीत, कारण त्यांचा रंग रक्तासारखा भासू शकतो. रात्रीपासून उपाशी राहून सकाळी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची असते. साधारण दोन तासांनी पाणी आणि चार तासांनी हलका आहार घेता येतो.

या तपासणीतील मुख्य धोका कॅप्सूल अडकण्याचा आहे. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, जेवणानंतर पोटात कळा येऊन उलट्या होत असतील किंवा आतडे अरुंद झाल्याचे कोणी सांगितले असेल, तर ते आम्हाला आधीच कळवावे. अशा वेळी डॉक्टर प्रथम विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देऊ शकतात. गिळताना त्रास होणे, पेसमेकर किंवा गर्भधारणा असल्यास तेही अवश्य सांगावे.

कॅप्सूल बहुधा एक ते तीन दिवसांत शौचावाटे पडते आणि ती परत आणून देण्याची गरज नसते. दोन आठवड्यांत ती पडल्याची खात्री झाली नाही, तर पोटाचा एक्स-रे काढावा लागतो. त्याआधी पोट दुखून फुगले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर न थांबता रुग्णालयात जावे. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये आणि दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी रुग्णालयात जावे लागल्यास तेथील डॉक्टरांना पोटात कॅप्सूल असल्याचे आधी सांगावे.