‘लिसन अ‍ॅड्रेसेस’मध्ये कोणाचा पत्ता लिहायचा?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हरला ज्या संगणकावरून जोडायचे, त्याचा आयपी पत्ता ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ या सेटिंगमध्ये लिहावा, हा समज वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात आला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. त्या ओळीत सर्व्हरचे स्वतःचे पत्ते येतात, म्हणजे त्याने आपल्या कोणत्या नेटवर्क कार्डावर कान द्यायचा ते. मूळ मूल्य ‘लोकलहोस्ट’, म्हणजे फक्त तोच संगणक, असल्याने बाहेरची जोडणी सुरुवातीला होतच नाही.

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर सर्व्हर १९२.१६८.१.१० वर होता आणि वजनकाट्याजवळचा संगणक १९२.१६८.१.२५ वर. कोणीतरी त्या ओळीत फक्त २५ चा पत्ता लिहिला. तो सर्व्हरचा नसल्याने पोस्टग्रेस सुरूच होईना आणि ट्रक भरून उभे असताना पावत्या अडल्या. तिथे १० चा पत्ता हवा होता, आणि बदलानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करणे आवश्यक होते.

कोणाला आत घ्यायचे ते ‘पीजी एचबीए’ फाइल ठरवते. तिच्यात ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि जुळणारी पहिलीच ओळ अंतिम ठरते. तिथे पासवर्ड चुकला तर पुढची ओळ पाहिली जात नाही. काट्याच्या संगणकासाठी १९२.१६८.१.२५/३२ (म्हणजे फक्त हा एकच पत्ता) आणि ‘स्क्रॅम-शा-२५६’ (पासवर्ड तपासण्याची पद्धत) ही नोंद पुरते, तीही सर्व्हर बंद न करता नुसत्या रीलोडने लागू होते. ‘ट्रस्ट’ मात्र कृपा करून लिहू नये, कारण मग पासवर्ड विचारलाच जात नाही. एवढे करूनही जोडणी झाली नाही, तर फायरवॉलमध्ये पोस्टग्रेसचा नेहमीचा ५४३२ हा पोर्ट खुला आहे का ते तपासावे.