हाताचा गुण, कानाचा गुण

डोकेदुखीचा पेशंट. कधीपासून दुखतंय, कुठल्या बाजूला, उलटी होते का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, सगळं विचारून झालं. गोळ्याही लिहून झाल्या. उठून दारापर्यंत गेलेला माणूस मागे वळतो आणि म्हणतो, "डॉक्टर, माझ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. मेंदूत गाठ निघाली." त्या दिवसापुरतं त्याचं खरं दुखणं हेच होतं, पण ते सांगायला त्याला फट मिळाली नव्हती.

ती फट किती लहान असते, हे मोजलं गेलंय. बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली डॉक्टर-रुग्ण संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याचं बोलणं तोडत होते. यावर डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर असतं: बोलू दिलं तर हे थांबणारच नाहीत, बाहेर रांग लागलीय. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या डॉक्टरांनी ३३५ रुग्णांना मधे न अडवता बोलू दिलं. त्याचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. माणसं सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबली. दर पाचांतल्या जवळपास चौघांचं दोन मिनिटांच्या आत आटोपलं होतं.

सहानुभूती म्हटलं की आपल्याला 'अरेरे, बिचारा' आठवतं. वैद्यकात हवी असते ती समानुभूती. समोरच्याला काय वाटतंय हे ओळखायचं, आणि आपण ओळखलंय हे त्याला कळू द्यायचं. यातला दुसरा भाग बरेचदा राहून जातो. मनातल्या मनात कळवळणाऱ्या डॉक्टरांचा रुग्णाला काय उपयोग?

आणि कळवळा तरी किती असावा? २००७ सालच्या एका प्रयोगात शरीरात सुया टोचल्या जातानाची दृश्यं दाखवून बघणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. सामान्य माणसांत स्वतःला वेदना होताना जागे होतात ते भाग उजळले. अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांत ते शांत राहिले. उलट भावनांना आवर घालणारे आणि दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणारे भाग कामाला लागले. याला निगरगट्टपणा म्हणणं अन्यायाचं होईल. प्रत्येक सुईला स्वतःच कळवळणारा हात थरथरेल. पण वेदना अंगाला लावून न घेता ती समजून घेणं ही तारेवरची कसरत आहे, आणि दमलेला, जागरण झालेला माणूस त्या तारेवरून कोरडेपणाच्या बाजूला पडतो. नर्स काय, फिजिओथेरपिस्ट काय, सगळ्यांचंच हे होतं.

'त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असं आपण म्हणतो. त्या गुणाचा थोडा हिशेब लागलाय. अमेरिकेतल्या २९ फॅमिली डॉक्टरांची समानुभूती प्रश्नावलीने मोजून त्यांच्या ८९१ मधुमेही रुग्णांचे रिपोर्ट पाहिले गेले. हा अभ्यास २०११ सालचा. जास्त गुण मिळवणाऱ्या डॉक्टरांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर चांगली आटोक्यात होती. कमी गुणवाल्यांकडे हेच प्रमाण ४० टक्के. अर्थात यावरून कारण सिद्ध होत नाही. असे डॉक्टर इतर बाबतींतही नेटके असू शकतील. पण माझा कल असा, की ज्याच्यापुढे 'गोळ्या मधे सोडल्या होत्या' हे न घाबरता कबूल करता येतं, त्याचे उपचार जास्त लागू पडणार. गोळी चुकतेय हे ठाऊकच नसलेला डॉक्टर डोस वाढवत बसतो.

सगळ्यात साधा प्रयोग खुर्चीचा आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांकडे राउंडला जाताना एका सर्जनने काहींशी उभ्याने बोलायचं आणि काहींशी बसून, असं ठरवलं. बसून तो सरासरी १ मिनिट ४ सेकंद थांबला, उभ्याने १ मिनिट २८ सेकंद. रुग्णांना विचारलं, तर उभं राहिलेला डॉक्टर पावणेचार मिनिटं होता म्हणाले, आणि बसलेला सव्वापाच. पलंगाशेजारी खुर्ची बहुतेक ठिकाणी असतेच, फक्त तिच्यावर रुग्णाच्या पिशव्या ठेवलेल्या असतात.