बावीस श्रुतींचा जुना गोतावळा

सांगलीहून निघणाऱ्या एका नव्या पॉडकास्टमध्ये देशोदेशीचे संगीत-अभ्यासक आणि कलावंत एकत्र येतात. हा गोतावळा ‘आता कुठे जमलाय’ असं निवेदक पहिल्याच भागात म्हणाला. सूर जरा चढाच लागला. इथे सांगली-मिरजेत तो शंभर वर्षांपूर्वीही जमला होता, आणि बिनसलाही होता.

मिरजेच्या शिकलगारांनी तलवारी सोडून सतार-तंबोऱ्याचा भोपळा कसा हाती घेतला, तिथल्या दर्ग्यात गाणं कसं होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. थेट १९१० कडे जाऊ. सांगलीकडच्या एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी त्या वर्षी सप्तकातल्या बावीस बारीक सुरभेदांवर, म्हणजे श्रुतींवर, इंग्रजीत पुस्तक काढलं. मोजायला दोन तारांचं वाद्य होतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब गात, त्यांच्या गळ्याशी तार मिळाली की तिची लांबी टिपायची. एका इंग्रज न्यायाधीशांना हे पटलं. त्यांचंही पुस्तक १९१३ मध्ये आलं, आणि श्रुती वाजवणारी पेटी लंडनमध्ये घडवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र तिची डाळ शिजली नाही.

सगळा घोळ ‘श्रुती’ या शब्दाचा. पेटीवाल्यांच्या लेखी श्रुती म्हणजे ठरलेला आकडा, एक पट्टी दाबली की एक सूर. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरताने दोन वीणा घेतल्या, एक तशीच ठेवून दुसरी उतरवत नेली; त्याला दाखवायचं होतं ते सुरांमधलं अंतर. आणि गवय्याला विचाराल तर तो दरबारी रागातला गंधार (‘ग’) लावून दाखवेल. तो गंधार झुलतो, एका जागी उभाच राहत नाही. त्याला कुठली पट्टी देणार? मला गवय्याचंच पटतं. (पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीलाच बंदी घातली. ते मात्र अतीच झालं.)

त्याहून मला खटकतं ते दुसरंच. मोजणारे संशोधक ठरले, लिहिणारे तज्ज्ञ ठरले. ज्यांच्या गळ्यातून श्रुती निघाल्या ते खाँसाहेब त्या कामापुरते पुराव्याला उभे केल्यासारखे राहिले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, परदेशी अभ्यासकांची वर्दळ वाढली, आणि पॉडकास्टमध्ये तीच उतरंड पुन्हा आली: पाहुणा ‘संशोधक’, मिरजेचा माणूस ‘कारागीर’. हा ‘कारागीर’ जवारी काढताना, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी घासताना, बघावा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस दोनदा फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा एकदाच फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो आणि तंबोरा बोलू लागतो. हातात मोजपट्टी नसते.

पुढचा भाग जवारीवरच आहे. पाहुणा मिरजेचा. त्याच्या नावाआधी कोणता शब्द लावायचा, यावर मंडळींचं अजून ठरत नाहीये.